आधी दार, मग विचारपूस : सावित्रीमाईंची सेवा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

 

आपल्या चरित्रमालेत आज सावित्रीबाई फुले यांचं चरित्र घेतलं आहे. मुलींची शाळा काढणाऱ्या, अंगावर शेण झेलणाऱ्या सावित्रीबाई आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहेत. शाळेत ३ जानेवारीला भाषणं होतात, त्यात एवढंच येतं. पण माईंच्या आयुष्याचा एक मोठा भाग त्यात राहून जातो. कुणावर अत्याचार झाला, कुणाच्या जिवावर गाव उठलं, दुष्काळ पडला, रोगाची साथ आली, अशा वेळी माई काय करत होत्या, ते आज बघू या. सेवेकऱ्याने हे शिकावं असं आहे. सावकाश वाचा, शक्य झालं तर रात्रीच्या आरतीनंतर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

*नायगाव ते पुणे*

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. आईचं नाव लक्ष्मीबाई. १८४० साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतिराव फुल्यांशी त्यांचं लग्न झालं. जोतिराव तेव्हा तेरा वर्षांचे. त्यांची आई ते तान्हे असतानाच गेली होती आणि सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या विधवा बाईंनी त्यांना सांभाळलं होतं. विधवेचं जिणं कसं असतं, हे या घराने जवळून पाहिलेलं होतं.

लिहायला-वाचायला सावित्रीबाई सासरी आल्यावर शिकल्या. पुढे शिक्षिकेचं रीतसर शिक्षण घेतलं. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या तिथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक शेण, चिखल, खडे मारत. माई पिशवीत दुसरं लुगडं ठेवत, शाळेत पोचल्यावर बदलत आणि फळ्यापुढे उभ्या राहत.

१८४९ साली लोकांच्या दबावामुळे सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. सासरे वाईट नव्हते हो. भाऊबंदकी आणि जातगंगा यांच्यापुढे त्यांचा इलाज चालला नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या या दोघांना उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख पुढे माईंच्या बरोबरीने शाळेत शिकवू लागल्या.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. बेघर होणं म्हणजे काय आणि त्या वेळी कुणीतरी आपलं दार उघडणं म्हणजे काय, हे माईंनी अठराव्या वर्षी स्वतः भोगलं होतं. पुढे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी तेच केलं.

*काशीबाईला काळ्या पाण्याची शिक्षा*

त्या काळात ब्राह्मण आणि इतर वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींत मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी होत. नवरा पुष्कळदा वयाने खूप मोठा असे. तो गेला की मुलीचं केशवपन करायचं, तिला आलवण नेसवायचं आणि घराच्या कोपऱ्यात कामाला लावायचं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला खरा, पण तो कागदावरच राहिला.

अशा तरुण विधवेवर वाईट नजर पडे ती पुष्कळदा घरातल्याच कुणाची तरी, नाहीतर घरी येणाऱ्या-जाणाऱ्याची. दिवस राहिले की तो पुरुष हात झटकून मोकळा होई. बाईपुढे मग दोनच वाटा उरत. एक तर स्वतः विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा घोटायचा. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला.

१८६३ साली पुण्यात असंच घडलं. जोतिरावांचे मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं. दिवस राहिल्यावर त्याने ओळख दाखवली नाही. बाळ जन्मलं, आणि बदनामीच्या धास्तीने तिने त्याला मारून विहिरीत टाकलं. प्रकरण उघडकीला आलं, खटला चालला आणि काशीबाईला जन्मठेप होऊन अंदमानात पाठवण्यात आलं. पुण्याच्या चांगल्या घरातल्या बाईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, म्हणून शहरात खूप बोलबाला झाला. त्या पुरुषाला मात्र कुणी जाब विचारला नाही.

लोक चार दिवस चर्चा करून गप्प बसले. फुले दांपत्य गप्प बसलं नाही. ही बाई वेळेवर कुणाच्या दाराशी जाऊ शकली असती तर दोन जीव वाचले असते, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

*बालहत्या प्रतिबंधक गृह*

त्याच वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. शहरात जाहिराती लावल्या. त्यांचा आशय अगदी साधा होता. विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं. बाळ सोबत न्यायचं की इथे ठेवायचं हे आईने स्वतः ठरवावं. ठेवलेल्या मुलांचा सांभाळ केला जाईल.

बघा, यात कुठे अट आहे का? बाप कोण, हे सांगायची अट नाही. घराण्याचं नाव सांगायची सक्ती नाही. चूक कबूल करा, प्रायश्चित्त घ्या, असंही काही नाही. आधी घरात घेणं, गरम पाणी, अन्न, सुईणीची सोय, आणि सगळं गुप्त ठेवणं. बाकीचं तिच्या मनावर.

आणखी एक गोष्ट. ज्या वर्गातून फुले पतिपत्नींना सगळ्यात कडवा विरोध झाला, त्याच वर्गातल्या लेकीबाळी इथे येत होत्या. माईंनी मनात आणलं असतं तर चार टोमणे मारता आले असते. पण त्या स्वतः त्यांचं बाळंतपण करत, त्यांच्या मुलांना न्हाऊमाखू घालत. सगळा खर्च मुख्यतः घरचा. जोतिराव कंत्राटाची आणि इतर कामं करून जे मिळवत, त्यातलं पुष्कळसं या कामात जाई. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या, असं जोतिरावांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पस्तीस आकडा लहान वाटेल, पण त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे विहिरीच्या काठावरून परत आलेली एकेक बाई आहे.

या कामाचा वसा पुढे इतरांनीही घेतला. १८७५ साली पंढरपुरातही लालशंकर उमियाशंकर यांनी असाच बालकाश्रम काढला. आपल्यातले जे माउली दरवर्षी वारीला जातात, त्यांनी या पंढरीतल्या पुण्याईचीही आठवण ठेवावी.

१८७४ साली फुल्यांच्या या घरात आणखी एक विधवा आली. तिचंही नाव काशीबाई. तिला मुलगा झाला. माईंना स्वतःचं मूल नव्हतं. नातेवाईक जोतिरावांना दुसरं लग्न करायला सांगत होते, त्यांनी ते कधीच मानलं नाही. दोघांनी या काशीबाईच्या मुलाला दत्तक घेतलं, यशवंत नाव ठेवलं, शिकवून डॉक्टर केलं. संकटात सापडलेल्या आईचं बाळ माईंच्या मांडीवर वाढलं. या यशवंताचं पुढे काय झालं, ते लेखाच्या शेवटी येईलच.

*नायगावात दोन जीव वाचवले*

१८६८ च्या ऑगस्टमध्ये माई माहेरी नायगावी होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं, त्यात एक प्रसंग आला आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. शारजा नावाच्या महार मुलीशी त्याचं प्रेम जमलं आणि तिला दिवस गेले. गावाला कळलं. लोकांनी दोघांना धरलं, मारत मारत गावभर फिरवलं आणि त्यांना ठार मारायचंच ठरवलं.

माईंच्या कानावर हे आलं. त्या धावत गेल्या. जमावापुढे उभ्या राहिल्या. माणूस मारला तर इंग्रज सरकारच्या कायद्याने काय परिणाम भोगावे लागतील, हे त्यांनी लोकांना बजावलं. खून करायला निघालेली माणसं त्या भीतीने थबकली. या दोघांनी गाव सोडून जावं, एवढ्यावर प्रकरण मिटलं आणि माईंनी त्या दोघांना पुण्याला जोतिरावांकडे पाठवून दिलं.

इथे माईंची हुशारी बघा. चिडलेल्या जमावाला त्यांनी प्रेमाचं प्रवचन दिलं नाही. त्या वेळी त्याचा उपयोग नव्हता. आधी जीव वाचायला हवे होते, म्हणून ज्या भाषेने जमाव थांबेल तीच भाषा वापरली. आणि जीव वाचवल्यावर त्या दोघांना वाऱ्यावर सोडलं नाही. जायला एक ठिकाण दिलं.

*१८७७ चा दुष्काळ*

१८७६-७७ साली दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. आजच्या महाराष्ट्रातला मोठा भाग, कर्नाटकातला आपला सीमाभाग, हैदराबाद संस्थान, सगळीकडे हाहाकार झाला. गुरं मेली, माणसं गाव सोडून निघाली, पोरंबाळं रस्त्यावर आली. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यात पणजोबा-खापरपणजोबांनी दुष्काळात गाव सोडल्याच्या गोष्टी सांगतात.

जोतिरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्याचे कार्यकर्ते गावोगाव अन्नवाटपाला लागले. माई स्वतः जुन्नर भागात फिरत होत्या. ओतूरहून त्यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात तिथली सगळी हकिगत आहे. दुष्काळातही सावकार लोकांना नाडत होते. तंटे झाले, पोलीस आले आणि जवळपास पन्नास सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच पकडून नेलं. जे अन्न वाटत होते, तेच कैदेत!

माई थेट कलेक्टरला भेटल्या. लोकांची सेवा करणाऱ्या माणसांना खोट्या आळाने का धरलं, हा प्रश्न त्यांनी त्याच्यापुढे ठेवला आणि त्यांना सोडून देण्याची मागणी केली. कलेक्टरने ऐकून घेतलं, माणसं सोडली, आणि वर दुष्काळग्रस्तांसाठी ज्वारीच्या चार गाड्याही पाठवून दिल्या. १८७७ साली एका मराठी बाईने साहेबासमोर उभं राहून हे सगळं करून घेतलं.

त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला अनाथ आणि उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. तिथे मुलांना रोज जेवण मिळे. आपल्याकडे अन्नदानाला श्रेष्ठ दान म्हणतात. माईंचं अन्नदान मोठं होतंच, पण ज्याला उपाशी ठेवलं जातंय त्याच्या बाजूने कचेरीत जाऊन बोलणं, हेही त्यांनी त्या दानातच धरलं होतं.

*स्वतःवर दुःख कोसळलं तेव्हा*

दुसऱ्यांच्या दुःखात धावणाऱ्या माईंवर स्वतःचं दुःखही आलं. १८८८ साली जोतिरावांना पक्षाघात झाला. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. तेव्हा मामा परमानंद यांनी १८९० साली बडोद्याला महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून या दांपत्याला मदत करावी अशी विनंती केली. त्या पत्रात त्यांनी जोतिरावांपेक्षाही सावित्रीबाईंची थोरवी अधिक मानली आहे. बडोद्याच्या आपल्या परिवारांना हे वाचून नक्कीच बरं वाटेल.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद घातला. यशवंत दत्तक, मग टिटवं धरण्याचा मान त्याचा कसा, असा तो वाद होता. प्रेत दारात आणि नातेवाईक हक्कासाठी भांडतायत! माई पुढे आल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं हातात घेतलं. त्या काळात बाईने अंत्ययात्रेत पुढे चालायचं, ही कल्पनासुद्धा कुणी केली नव्हती. त्यानंतर माईंनी सत्यशोधक समाजाचं काम हाती घेतलं. १८९३ साली सासवडला भरलेल्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

*प्लेगच्या साथीत*

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पसरला. आपण करोनाचे दिवस पाहिले आहेत, त्यामुळे ती धास्ती आपल्याला समजेल. तेव्हा या रोगावर औषध नव्हतं. काखेत किंवा जांघेत गाठ आली की घरचेच लोक लांब व्हायचे. सरकार रोग्यांना जबरदस्तीने उचलून नेईल या भयाने लोक आजारी माणसाला लपवून ठेवत. तिथेच तो तडफडून जाई आणि घरातले आणखी चौघे रोगाच्या तोंडी जात.

यशवंतराव तेव्हा लष्करात डॉक्टर होते. माईंनी त्यांना रजा घेऊन बोलावून घेतलं. हडपसरला यशवंतरावांच्या सासुरवाडीच्या, ससाण्यांच्या माळावर, गावापासून दूर मोकळ्या हवेत दवाखाना उघडला. माई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या रोग्यांना आणत, त्यांच्याजवळ बसत, त्यांचं सगळं करत. हा रोग आपल्यालाही लागू शकतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मुंढव्याच्या गायकवाडांच्या लहान मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. न्यायला कुणी नव्हतं. माईंनी त्या पोराला आपल्या पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. ते पोर वाचलं. पण माईंना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

ज्या यशवंताला जन्मण्याआधीच मरण ठरलेलं असतं, तोच डॉक्टर होऊन आईच्या बरोबरीने रोग्यांची सेवा करत होता. पुढे १९०५ साली पुन्हा प्लेगचीच सेवा करताना तेही गेले.

*आपण यातून काय घ्यायचं*

गुरुबंधू-भगिनींनो, माईंना नुसता हार घालून आपलं काम संपत नाही. आजही आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात, कदाचित आपल्या याच समूहातल्या एखाद्या घरात कुणीतरी काशीबाई असेल. नवऱ्याचा मार खाणारी सून असेल. कुणी जवळच्याने हात लावलेली मुलगी असेल. अपघातात तरणाताठा मुलगा गेलेले आईबाप असतील. घरात कुणी आत्महत्या केली म्हणून तोंड लपवून बसलेलं कुटुंब असेल. ते आपल्याकडे का येत नाहीत? कारण आपण दार उघडण्याआधी प्रश्न विचारतो. एवढ्या रात्री तिथे गेली कशाला? आधी का नाही सांगितलं? चार लोकांत काय तोंड दाखवायचं? हे प्रश्न ऐकावे लागतील या भीतीनेच माणूस विहिरीकडे वळतो.

माईंच्या चरित्रातून पाच गोष्टी घेऊ या.

१. आधी आसरा, पाणी, जेवण, झोपायला जागा. विचारपूस नंतर, आणि तीही समोरच्याला सांगावंसं वाटेल तेवढीच.

२. गुप्तता. कुणावर काय गुदरलं ते समूहात टाकायचं नाही, नाव नाही, फोटो नाही. प्रार्थना करा म्हणूनसुद्धा नाव टाकायचं नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा कायद्यानेही गुन्हा आहे.

३. निर्णय त्या माणसाचा. बाळ ठेवायचं की न्यायचं हे जसं माई आईलाच ठरवू देत, तसंच. आपण सोबत राहायचं, रेटायचं नाही. मात्र अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तक्रार करणं कायद्याने बंधनकारक आहे, तिथे झाकून ठेवायचं नाही.

४. सोबत जाणं. पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, कोर्टात एकट्या माणसाचे पाय लटपटतात. शेजारी कुणी बसलेलं असलं की धीर येतो. माई कलेक्टरपर्यंत गेल्या, आपण ठाण्यापर्यंत तरी जाऊ.

५. नंतरही जात राहणं. दहाव्या-तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवसापासून दुःख खरं सुरू होतं. तेव्हा डबा घेऊन जा, मुलांची शाळेची फी बघा, महिन्याने पुन्हा फोन करा.

आज मदतीच्या सोयी माईंच्या काळापेक्षा पुष्कळ आहेत. घरातल्या भिंतीवर हे आकडे लिहून ठेवा. तातडीच्या मदतीला ११२. स्त्रियांसाठी १८१. मुलांसाठी १०९८. मोफत कायदेशीर सल्ल्याला १५१००. मनाच्या त्रासासाठी, टोकाचे विचार येत असतील तर १४४१६. अत्याचार झालेल्या स्त्रीला डॉक्टर, पोलीस, वकील आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळावा म्हणून जिल्ह्या-जिल्ह्यात सखी केंद्रं आहेत. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे, हे प्रत्येक घरातल्या एकाने तरी या आठवड्यात शोधून ठेवावं. गरज पडल्यावर शोधायला वेळ नसतो.

*या आठवड्याचा संकल्प*

रोजच्या नामस्मरणानंतर दोन मिनिटं डोळे मिटून बसा आणि आठवा, आपल्या ओळखीतलं कोण गेल्या वर्षभरात मोठ्या संकटातून गेलं आणि आपण तिकडे फिरकलोच नाही. एकच नाव ठरवा. या गुरुवारच्या आत त्यांच्याकडे जाऊन या. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल. नुसतं बसा, चहा घ्या, पुन्हा येतो म्हणा, आणि खरंच पुन्हा जा.

दत्त महाराज कुणाच्या रूपाने दाराशी येतील हे सांगता येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माईंच्या दाराशी ते पस्तीस वेळा आले आणि एकदाही परत गेले नाहीत. आपल्याही दाराशी आले तर कडी लावलेली नसावी, एवढीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

(हा लेख आपल्या कुटुंबाच्या समूहात जरूर पाठवा. घरातल्या ज्येष्ठांना वाचता येत नसेल तर मुलांनी वाचून दाखवावा.)